खरखर धुऱ्यावर थांबवायची की अँटेनापाशी?

मूळ लेख (मोर्शी तालुका)

गेल्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावात हौशी रेडिओचा ४० मीटरचा बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) सकाळी ऐकण्याजोगा उरला नव्हता. रिसीव्हरवर येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा एस-७ वर ठाण मांडून बसलेला आणि त्या खरखरीवर दर सेकंदाला एक ठोका. सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळच्या सामूहिक बोलण्यात, दूरचे हॅम (हौशी रेडिओवाले) बोलत आहेत एवढेच कळे, शब्द कळत नसत. घराचा मेन स्विच पाडून रिसीव्हर गाडीच्या बॅटरीवर लावला, तेव्हा खरखर थोडी उतरली. ठोका मात्र जसाच्या तसा राहिला. तो घराबाहेरून येत होता हे त्यावरून स्पष्ट झाले.

मग जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेतला, नागपूर केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्झपासून थोडा बाजूला, कोणतेही स्टेशन नसलेल्या जागी लावला आणि धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधाबांधाने, निघालो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते. तिचे टोक ज्या रेषेत रोखले असता आवाज सर्वांत बारीक होतो, त्या रेषेत स्रोत असतो. दोन ठिकाणांहून अशा रेषा धरल्या की त्या जिथे छेदतात तिथे जाऊन पाहायचे. माझ्या रेषा शेजारच्या काकांच्या कपाशीभोवतीच्या, तारेत ठरावीक अंतराने विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनच्या कुंपणावर छेदल्या. काकांना सोबत घेऊन संध्याकाळी तिथे गेलो. कोपऱ्यातल्या बल्लीवरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकलेला होता, तरोट्याचे एक खोड तारेला टेकून काळे पडले होते, आणि तारेचा जोड नुसता पिळून सोडलेला असल्यामुळे गंजला होता. अंधार पडू लागताच त्या जोडात दर सेकंदाला निळी ठिणगी दिसू लागली. काका म्हणाले, “मशीन तं टकटक करते, तरी रातच्यानं डुकरं वावरात येतेतच. म्या म्हनलं, मशीनच कमजोर असन.”

मशीन कमजोर नव्हती. तिचा झटका तारेच्या शेवटापर्यंत पोहोचण्याऐवजी त्या कोपऱ्यातच ठिणगी होऊन संपत होता. काकांनी मशीन बंद केली, आम्ही तारेखालचा तरोटा व गाजरगवत कापले, जोड क्लँप लावून घट्ट केला, तीन इन्सुलेटर बदलले. त्या रात्रीपासून माझा ठोका बंद झाला आणि काकांचा टेस्टर तारेच्या शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब दाखवू लागला.

यावरून माझे ठाम मत झाले आहे की ग्रामीण भागात खरखरीवरचा पहिला इलाज उगमापाशीच करावा. नवी अँटेना, नवे फिल्टर, नवा रिसीव्हर यांवर खर्च करण्याआधी आपल्या शिवारात कुठे काय ठिणग्या टाकत आहे, हे पायी फिरून पाहिलेच पाहिजे. जिथे ठिणगी आहे तिथे कोणाचे तरी नुकसानही चालू असते, आणि म्हणूनच ते काम आपले एकट्याचे राहत नाही.

प्रतिसाद (उमरेड तालुका)

आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. आपल्याला एक कुंपण सापडले आणि शेजारी भला निघाला. माझ्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत सात कुंपणे आहेत, दोन सौर पंप आहेत आणि एका बाजूने विजेची ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जाते. दर पावसाळ्यात गवत पुन्हा वाढते. दुसऱ्यांची शेते साफ करत मी किती वर्षे फिरायचे?

माझा क्रम वेगळा आहे. आधी आपले घर. मेन स्विचची चाचणी आपण केलीत, पण बॅटरीवर खरखर “थोडी उतरली” हे आपण एका वाक्यात सोडून दिले, माझ्या मते तिथेच थांबायला हवे होते. माझ्याकडे एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर आणि सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर या तीन वस्तूंनी बराच गोंधळ घातला होता. अशा वस्तूंतील स्विचिंग सप्लायची (वीज झपाट्याने चालू-बंद करून दाब बदलणाऱ्या सर्किटची) कंपने दहा-वीस किलोहर्ट्झपासून काहीशे किलोहर्ट्झपर्यंत असतात आणि त्यांच्या पटी थेट आपल्या बँडांत येऊन बसतात. त्यामुळे ठरावीक अंतरावर एकेक फुगवटा ऐकू येतो. तीन वस्तू बदलल्या आणि तो गेला.

दुसरे म्हणजे अँटेना आणि रिसीव्हर जोडणारी कोॲक्स केबल. पुष्कळांच्या घरातील खरखर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चालत अँटेनापर्यंत जाते आणि तिथून आत शिरते. केबल अँटेनापासून सोडवून त्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी नुसता रोध) लावा. तरीही आवाज येत असेल, तर दोष शिवाराचा नसून आपल्या केबलचा आहे. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट रिंगवर त्याच केबलचे दहाबारा वेढे घेऊन जाळीवरची खरखर अडवणारा एक चोक अँटेनापाशी आणि एक घरात शिरताना बसवावा. केबलवर नुसती चिमट्याची फेराइट अडकवून ७ मेगाहर्ट्झवर फारसे काही साधत नाही, कारण अडथळा साधारणपणे वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका वेढ्याच्या तुलनेत दहा वेढ्यांचा अडथळा जवळजवळ शंभरपट होतो.

तिसरे म्हणजे ऐकण्यासाठी स्वतंत्र लूप, म्हणजे कड्याच्या आकाराची अँटेना. एक मीटर व्यासाचे ॲल्युमिनियमच्या नळीचे कडे, त्याच्या मुळाशी ॲम्प्लिफायर, आणि हे सर्व घरापासून तीस मीटर दूर बांबूवर. कड्यातून आरपार पाहिल्यावर जी दिशा दिसते, त्या दिशेचा जमिनीलगत येणारा आवाज सर्वांत कमी होतो. आकाशातून परावर्तित होऊन वरून येणारे संदेश मात्र त्यामुळे दबत नाहीत. हे सर्व आपल्या हद्दीत होते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

प्रतिसाद (दारव्हा तालुका)

दोघांच्याही बोलण्यात विजेच्या लाइनचा विचार अपुरा आहे. आमच्याकडची सर्वांत मोठी खरखर कुंपणाची नव्हती आणि घरातलीही नव्हती. ती मार्च ते मे या महिन्यांत, धूळ आणि कोरडी हवा असताना, दिवसभर असे आणि पहिला जोराचा पाऊस पडला की नाहीशी होई. लाइनची तार इन्सुलेटरला बांधणारी सैल बाइंडिंग वायर, ढिली झालेली नट-बोल्टची जोडणी यांच्या फटीत विजेच्या प्रत्येक लाटेच्या दोन्ही शिखरांवर, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, ठिणगी पडते. ती फट ओली झाली की ठिणगी थांबते, म्हणून लाइनचा हा दोष पावसात दडतो आणि उन्हात बोलू लागतो.

आमच्या गावाला घरांना वीज देणारा गावठाण फीडर आणि शेतांना देणारा कृषी फीडर वेगवेगळे आहेत. कृषी फीडरची थ्री फेज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. मी दोन आठवडे वहीत एवढेच टिपले की शेतातली लाइट किती वाजता गेली आणि खरखर किती वाजता गेली. वेळा मिळाल्या. मग उंच कंपनसंख्येवर ऐकणारा रिसीव्हर आणि लहान यागी (एका दिशेला रोखता येणारी अँटेना) घेऊन पोल शोधला, कारण कंपनसंख्या जितकी वाढवावी तितका तो आवाज उगमाच्या जवळच ऐकू येतो.

यानंतरचा भाग शिकण्यासारखा आहे. “माझ्या रेडिओत आवाज येतो” असा अर्ज मी संबंधित कार्यालयात दोनदा दिला, काही झाले नाही. तिसऱ्या वेळी पोलचा क्रमांक घालून “येथे बाइंडिंग सैल असून ठिणगी पडते, खाली वाळलेले गवत आहे” असे लिहिले, आणि चौथ्या दिवशी वायरमन येऊन काम करून गेले. पोलला हातोडा मारून किंवा त्याचा ताण (आधाराची तार) ओढून आवाज बदलतो का हे पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया कोणीही पाळू नये. सैल झालेली तार अंगावर येऊ शकते.

मूळ लेखकाचे उत्तर

उमरेडच्या भाऊंचे घरातल्या वस्तूंविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. त्यांनी बोट ठेवले ते बरोबर आहे. बॅटरीवर जी खरखर उतरली होती तिच्यामागे माझ्याच माडीवरील एक बल्ब होता, आणि तो मी महिनाभराने काढला. आधी काढायला हवा होता.

लूपविषयी मात्र असहमती आहे. आपल्या आसपास सात कुंपणे आहेत असे आपणच म्हणता; लूप एका वेळी एकाच रेषेतला आवाज दाबते. दोन अँटेनांचे आवाज एकमेकांविरुद्ध लावणारी नॉइज कॅन्सलरची पेटीही एका वेळी एकाच उगमावर चालते. ठोके रिसीव्हरच्या नॉइज ब्लँकरने (ठोक्याच्या क्षणापुरता आवाज बंद करणाऱ्या सोयीने) कापता येतात, परंतु शेजारच्या कंपनसंख्येवर जोरदार स्टेशन असले की तोच ब्लँकर आवाज फाटका करतो. उगम बंद केला तर या कसरती कराव्या लागत नाहीत.

हिशेब करून पाहा. एस-मीटरवरील एक पायरी म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे शक्तीचा चौपट फरक. कुंपण दुरुस्त झाल्यावर आणि बल्ब काढल्यावर माझा काटा एस-७ वरून एस-४ वर आला. या तीन पायऱ्या ६४ पटींच्या आहेत. समोरच्या हॅमने १०० वॅटऐवजी ६,४०० वॅट वापरावेत तेव्हा जे साधेल, ते तरोटा कापून, तीन इन्सुलेटर लावून आणि एक बल्ब काढून साधले. हा लाभ माझ्या एकट्याचाही नाही. आमच्या गावातले म्हातारे अजून मीडियम वेव्ह ऐकतात, आणि तो ठोका त्यांच्याही रेडिओत होता.

प्रतिसाद (सिंदेवाही तालुका)

मला या चर्चेत सर्वांत जास्त काळजी वाटते ती मूळ लेखातील धुऱ्याने फिरण्याच्या सल्ल्याची. आमच्या भागात काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत थेट लाइनची वीज सोडतात. ते बेकायदा आहे, त्यात माणसे मेली आहेत, वाघही मेले आहेत. झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते, म्हणून माणूस हात काढू शकतो; थेट विजेच्या तारेत ती सवलत नाही. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. आपण शेजाऱ्याला सोबत नेले, मशीन बंद करवली, हे योग्यच केले. परंतु हा लेख वाचून एखादा नवा परवानाधारक तरुण रात्री एकटाच ट्रान्झिस्टर घेऊन निघाला तर? म्हणून मी उमरेडच्या बाजूने आहे.

दुसरे असे की शेतकऱ्याने पीक राखण्यासाठी पैसे घालून मशीन घेतली. आपण छंदापोटी त्याच्या दारात जाऊन “तुमच्यामुळे मला त्रास होतो” म्हणणे मला शोभत नाही. आपला परवाना लहरींपुरता आहे, त्याच्या वावरापुरता नाही. आणि आपत्तीच्या वेळी ऐकू यावे म्हणून हे सारे करायचे असेल, तर पूर आला की वीज जाते आणि खरखर आपोआप जाते. १९९१ च्या मोवाडच्या (नागपूर जिल्हा) पुरासारखा प्रसंग पुन्हा आला तर गावात चालू राहील तो फक्त बॅटरीवरचा रेडिओ.

मूळ लेखकाचे उत्तर

रात्री एकट्याने न जाण्याविषयी आपण लिहिले ते पूर्णपणे मान्य. मूळ लेखात मी ते ठळकपणे लिहायला हवे होते. मालक सोबत असल्याशिवाय आणि दिवसाउजेडीच दिशा शोधाव्यात. रेषा बांधावरून, तारेपासून दूर राहूनही धरता येतात, आणि तारेला हात मालकाने मशीन बंद केल्यावरच लावावा. थेट विजेची शंका आली तर शोध तिथेच थांबवून गावातील जबाबदार माणसाला सांगावे.

“वीज गेली की खरखर जाते” हे मात्र आता जुने झाले. भारनियमनाच्या काळात ते खरे होते. गावातली लाइट गेली की बँड आरशासारखा स्वच्छ होई. आज झटका मशीन स्वतःच्या सौर पॅनलवर आणि बॅटरीवर चालते, सौर पंपाला लाइनची गरज नाही, घराघरांत इन्व्हर्टर आहेत. पुरात ११ केव्हीची लाइन पडली तरी हे सर्व चालूच राहील. म्हणूनच उगमाकडे दुर्लक्ष करणे मला धोक्याचे वाटते.

शेतकऱ्याच्या दारात जाण्याविषयी म्हणाल, तर मी काकांकडे तक्रार घेऊन गेलोच नव्हतो. “तुमची मशीन कुठेतरी झटका सांडते आहे, चला पाहू” असे म्हणालो. ते लगेच उठले.

प्रतिसाद (उमरेड तालुका)

कुंपणापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, कारण तिथे ठिणगी हा दोषच आहे. पण सौर पंपाचे काय? तिथे काहीही बिघडलेले नसते. पॅनलच्या थेट विजेपासून मोटरसाठी थ्री फेज तयार करणारा कंट्रोलर आपले काम करत असतो, आणि पॅनलपासून त्याच्यापर्यंतच्या लांब तारा अँटेना बनतात. माझ्याकडे सूर्य वर आला की खरखर सुरू होते, ढग आला की तिचा सूर सरकतो, मावळतीला ती संपते. योजनेतल्या पंपावर पाच वर्षांची हमी असते. पेटी उघडली तर शेतकऱ्याची हमी जाईल. इथे उगमापाशी आपण काय करणार?

मूळ लेखकाचे उत्तर

पेटी उघडायची नाहीच. माझ्या एका नातलगाच्या शेतात धन आणि ऋण तारा एकमेकींपासून हातभर अंतरावरून नेलेल्या होत्या. त्यांच्या संमतीने, पॅनल झाकून आणि स्विच बंद ठेवून, बसवणाऱ्याच माणसाकडून त्या एकमेकींना पीळ देऊन एका नळीतून नेल्या. फरक पडला, साधारण एक पायरी. कंट्रोलरबाहेर दोन्ही तारा एकत्र घेऊन मोठ्या रिंगवर वेढे द्यायचा विचार आहे, पण जाड तारेचे तीनचारच वेढे बसतात आणि ७ मेगाहर्ट्झवर तेवढे पुरणार नाहीत. तिथे तूर्तास आपली लूपच घ्यावी लागेल. आपला ॲम्प्लिफायर कोणत्या ट्रान्झिस्टरवर बांधला आहे आणि त्याला वीज कोॲक्समधूनच देता का, हे कळवावे. संत्र्याचा मृग बहार उतरला की मी बांबू रोवतो.