भुट्ट्याचा कीस: किसणीवरचा, मिक्सरमधला की सराफ्यातला?

रामबागकर (इंदूर):
श्रावण लागला की इंदुरात हातगाड्यांवर देशी भुट्टे दिसू लागतात आणि आमच्या घरचा जुना वाद नव्याने सुरू होतो. यंदा सूनबाईंनी दाणे मिक्सरमधून फिरवून कीस केला. मी दोन घास खाऊन बशी बाजूला सरकवली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, रात्री अकरा वाजता सराफा बाजारातल्या गाड्यांवर याहून बरा मिळतो, तिथून आणत जा." त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. कीस घरी करायचा तर किसणीवरच करावा, नाहीतर करूच नये, असे माझे मत आहे.

त्याला कारण आहे. कणीस किसणीवर घासले की दाणा फुटून त्यातले दूध आणि गर खाली पडतो, आणि साल बरेचसे कणसालाच चिकटून राहते. मिक्सरमध्ये सालासकट सगळे वाटले जाते. मग तुपावर परतताना तो लगदा कढईला धरतो आणि खाताना जिभेवर चोथा राहतो. आमची आई तुपावर हिंग-मोहरीची फोडणी करून त्यात हिरवी मिरची घालायची, कीस मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परतायची, आणि मग आठ भुट्ट्यांना पाव लिटर या बेताने दूध थोडे थोडे घालत ते आटेपर्यंत ढवळत राहायची. लिंबू मात्र कढई खाली उतरवल्यावरच पिळायची, कारण आधी पिळले तर दूध फाटते. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर. हिंदी बोलणारे इंदूरकरसुद्धा याला 'भुट्टे का कीस'च म्हणतात. आपल्या किसणीचा शब्द सराफ्यातल्या पाट्यांवर जाऊन बसला असताना आपणच वाटलेल्या मक्याला कीस म्हणावे, हे मला पटत नाही.

लोकमान्यनगरची सून:
काका, आपली पाककृती अचूक आहे, पण तिच्यातली क्रियापदे पुन्हा एकदा वाचून पाहावीत. आई फोडणी करायची, परतायची, घालायची, ढवळत राहायची. आपल्या वाट्याला एकच क्रिया आली आहे, ती बशी सरकवण्याची.

माझ्या सासरी आठ माणसांसाठी सोळा भुट्टे किसले जात. कणसाच्या बुडाशी पोहोचेपर्यंत बोटांची पेरे किसणीला लागायची, आणि त्या ओरखड्यांना नंतर लिंबाचा रस लागला की काय होते ते किसणाऱ्यालाच ठाऊक. दूध घातल्यावर कढईपासून हलता येत नाही, त्यामुळे बाहेर गरम गरम वाढून होईपर्यंत सासूबाई स्वयंपाकघरातच असत. त्यांच्या पानात यायचा तोवर कीस थंड होऊन घट्ट गोळा झालेला असायचा. घरच्या जेवणाचा आनंद मलाही मान्य आहे, परंतु तो कोणाच्या पानात गरम पोहोचतो आणि कोणाच्या पानात थंड, हे विचारल्याशिवाय किसणीचा आग्रह धरणे मला न्यायाचे वाटत नाही.

राहिला मिक्सर. तो सलग न चालवता दोन-तीन झटक्यांत थांबवला तर दाणे जाडसर राहतात आणि कीस चिकट होत नाही. बिघडतो तो घाईमुळे.

पुण्यात स्थायिक, मूळचा राजवाड्याजवळचा:
दोघांनाही एक गोष्ट सुचवतो: किसणी आणि मिक्सर यांच्या आधी भुट्टा पाहावा. देशी मक्याचा दाणा जून होत जातो तशी त्यातल्या साखरेची पिठूळ स्टार्च होते, आणि दुधात शिजताना कीस दाट होतो तो तिच्यामुळेच. स्वीट कॉर्नमध्ये हा बदल फार मंद होतो, म्हणून त्याचा कीस किसणीवर केला तरी पातळ आणि मिठाईसारखा गोड लागतो. इथे मला बहुतेक वेळा तोच मिळतो. मी त्यात चमचाभर भाजलेला बारीक रवा घालतो, पण हे रामबागेत कोणाला कळू नये. (आणि 'देशी' तरी कशाला म्हणावे, मका मुळात अमेरिका खंडातून आलेला पाहुणा.)

सुदामानगर:
सराफ्याला इतके कमी लेखू नये. दिवसा सोन्या-चांदीची दुकाने आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या, ही व्यवस्था ज्या गावात आहे त्या गावात घरी कढई चढवण्याचा अट्टहास कशासाठी? तिथे मोठ्या कढईत कीस मंद आचेवर दीर्घ काळ मुरत असतो, आणि तो मुरलेपणा आठ भुट्ट्यांच्या घरगुती घाण्याला येत नाही. वरून शेव आणि जिरावन, म्हणजे आपला चटपटीत इंदुरी मसाला. पोटभर नव्हे, चवीपुरते खावे आणि पुढच्या गाडीकडे वळावे.

लोकमान्यनगरची सून:
भाऊ, जिरावन भुरभुरल्यावर मक्याची चव शोधावी लागते, एवढेच म्हणते. सराफ्यात मीही जाते, पण ते गरडूच्या तळलेल्या कंदासाठी, आणि तेही थंडीत.

रामबागकर (चार दिवसांनी):
सूनबाईंना आणि ताईंना उत्तर द्यायचे तर आधी किसून पाहायला हवे, म्हणून रविवारी मी स्वतः बसलो. आठाचा बेत होता, तीन भुट्टे झाले. त्या तिघांना पाऊण तास लागला आणि उजव्या हाताच्या दोन पेरांना पट्टी बांधावी लागली. भुट्टे मी मोठे पाहून निवडले होते, ते निबर निघाले. दाण्यात नख रुतवून दूध उडते की नाही हे पाहायचे असते, हे मला सत्तराव्या वर्षी भाजीवाल्या मावशींनी सांगितले. त्यानंतर दूध आटेपर्यंत मी पंचवीस मिनिटे ढवळत उभा होतो आणि त्या वेळात चौघांनी स्वयंपाकघरात डोकावून "झाले का?" असे विचारले.

किसणीवरचा कीस मिक्सरच्या किसाहून सरस असतो, हे मत मी बदललेले नाही. साल खरोखरच कणसाला राहते, हे आता डोळ्यांनी पाहिले आहे. 'नाहीतर करूच नये' हे शब्द मात्र मागे घेतो. पहिली बशी सूनबाईंना दिली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि दूध कमी पडल्याचे सांगितले. ते खरे होते.