‘वॉकर’ आडनावावरून पूर्वजांचा धंदा सांगता येतो का?

पायवाट: ‘वॉकर’ म्हटलं की भटकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हे कापडधंद्यातलं नाव. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असे. ते हौदात घालून, शिळं मूत्र नि पाणी ओतून पायांनी तुडवत. तेल सुटे, कापड आटून घट्ट होई. तुडवणारा तो वॉकर. हाच माणूस इंग्लंडच्या दक्षिण-पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येच्या डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाचा १४७१ सालचा टकर्स हॉल आजही उभा आहे. आपली मुलतानी मातीसुद्धा इंग्रजीत फुलरच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या मते असं आडनाव म्हणजे घराण्याचा दाखलाच. सरदारांच्या वंशावळी जपल्या गेल्या. मुतात उभं राहून राबणाऱ्यांची आठवण नावातच उरली.

दस्तऐवज: धंद्याचा इतिहास मान्य, ‘घराण्याचा दाखला’ साफ अमान्य. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या कृष्णवर्णीय मॅडम सी. जे. वॉकर घ्या. जन्म १८६७, लुईझियाना. माहेरचं नाव सॅरा ब्रीडलव्ह, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. वॉकर हे नवऱ्याचं आडनाव. त्यांच्या पूर्वजांनी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरात कापड तुडवलं म्हणायचं?

पायवाट: लग्नाने आलेलं नाव इथे कशाला? मी इंग्लंडातच राहिलेल्या घराण्यांबद्दल बोलतोय. १८८१च्या जनगणनेतही टकर नैर्ऋत्येलाच दाटीने सापडतात. हा निव्वळ योगायोग नव्हे.

गुणसूत्र: लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची, बापाकडून मुलाला मिळणारी वाय-गुणसूत्रं तपासली. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बहुतेक पुरुष एकाच मूळ पुरुषाचे निघाले. दोन स्मिथ मात्र एकमेकांना परक्याइतकेच परके. आपल्याकडचे सगळे कुलकर्णी तरी कुठे एका घरातले असतात? वॉकरही गावोगावी वेगवेगळे झाले असणार.

पायवाट: त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. मूळ पुरुष शंभर असोत. नाव पडलं ते कापड तुडवल्यामुळेच ना?

दस्तऐवज: पहिल्याला, हो. पण बाराव्या शतकापासून पाणचक्कीचे हातोडे तेच काम करू लागले होते, आणि चौदाव्या शतकापर्यंत बापाचं नाव मुलाला लागू लागलं, मग मुलगा शेती करो की सुतारकी. चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या १५३८ला. मधल्या पिढ्या जोडायला तुमच्याकडे कोणता कागद आहे?

पायवाट: चौदाव्या शतकातल्या करवसुलीच्या याद्या आहेत. काही ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलाय. तिथून सुरुवात करू.