सामू ५.४ आणि ‘जांभी मृदा’, एवढ्यावरून काय लावायचं?

सड्याखालचा:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातली आमची अडीच एकर जमीन यंदा वाटणीत माझ्या नावावर आली. वर सडा (उघड्या कातळाचा सपाट माथा), मधे उताराचं वरकस (तिथे आजी नाचणी-वरी करायची) आणि खाली पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, लागून भाताचा छोटा मळा. मी बावीस वर्षं डोंबिवलीत काढलीत, त्यामुळे मातीतलं ज्ञान शून्य.

दिवाळीला गेलो तेव्हा तिन्हीकडची थोडी थोडी माती एका बादलीत मिसळली आणि अर्धा किलोची पिशवी तपासायला दिली. कागद आला : जांभी मृदा, सामू (पीएच) ५.४ म्हणजे आम्ल, सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. रोपवाटिकावाला म्हणतो काजू लाव. चुलतभाऊ म्हणतो सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडू, हापूस घालू. तिसरा एकजण चिरेखाणीला द्यायचं म्हणून रोज फोन करतोय.

मला पडलेले प्रश्न वेगळेच आहेत. कर्ब भरपूर आहे तर आजीची नाचणी कधी गुडघ्यावर का गेली नाही? चार महिने छत्री मिटत नाही अशा गावात आमची विहीर एप्रिलला कोरडी कशी? आणि नव्या रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे वरपासून खालपर्यंत चार रंग दिसतात, त्यातला जांभा नक्की कुठला?

खड्ड्यातला माणूस:

माझी तीसेक वर्षं माती सर्वेक्षणात खड्डे खणण्यात गेली. खरं सांगायचं तर खणून घेण्यात. मी नुसता आत उतरायचो.

आधी बादलीबद्दल. सडा, वरकस आणि मळा एका बादलीत म्हणजे माशाचं कालवण, भात आणि सोलकढी एकत्र कालवून ‘मीठ बरोबर आहे का’ विचारण्यासारखं. ५.४ हा आकडा तुमच्या कुठल्याच जमिनीचा नाही. पुन्हा काढा, तीन पिशव्या, वेगवेगळ्या.

आता रस्त्याचा काप. पुढच्या खेपेला गाडी थांबवून तिथे दहा मिनिटं उभे राहा, फुकटात एवढं चांगलं पुस्तक मिळायचं नाही. सगळ्यात वर काळपट तांबडं, पहार उडवून लावणारं कवच असेल. तोच सड्यावरचा कातळ. त्याच्याखाली भोकाभोकांचा, वाळवीच्या वारुळासारखा दगड, तांबड्यात पिवळे डाग. चिरे निघतात ते इथून. कवच आणि हा दगड, दोन्ही मिळून जांभा. त्याखाली पांढरट-जांभळट, साबणासारखी गुळगुळीत माती. आणि तळाशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे दिसले तर तो कुजत आलेला काळा पाषाण. म्हणजे चारही रंग एकाच दगडाचे आहेत. वरचा पुरता मुरलेला, खालचा अजून मुरतोय.

हा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घाटावरही तोच आहे, आणि तिथे त्याच्यापासून कापसाची काळी माती झाली. फरक पाण्याचा. देशावर पाचसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात चुना, मॅग्नेशियम वगैरे जागच्या जागी राहतात आणि फुगणारी, भेगाळणारी चिकणमाती तयार होते. आपल्याकडे तीन हजारांच्या वर, तोही चार महिन्यांत, आणि पुढे आठ महिने रखरख. पावसाने चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेलं, हळूहळू वाळूतली ती सिलिकासुद्धा नेली. मागे राहिलं ते न हलणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम. उन्हाळ्यात तेच आळून घट्ट होतं. वर्षानुवर्षं ओलं-सुकं, ओलं-सुकं झालं की कवच बनतं. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टराने केरळात अंगाडिपुरमला लोक ही माती विटांसारखी कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तिला ‘लॅटेराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आपल्या कोकणातले गवंडी तेव्हाही चिरेच रचत होते.

विहिरीचं कोडं याच कापात सुटतं. भोकाभोकांच्या जांभ्यातून पाणी चाळणीसारखं खाली जातं, त्या साबणी मातीवर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर पडतं. पऱ्ह्या दिवाळीनंतरही वाहतो ना? ते तुमच्या विहिरीचंच पाणी. विहीर उताराच्या मध्यावर असेल तर तिला फक्त जाता जाता भेट मिळते.

आणि नाचणी. कर्ब आहे, पण आम्ल मातीत जंतू आळशी होतात आणि लोखंड-ॲल्युमिनियम त्या कुजलेल्या पाल्याला धरून ठेवतात. घरात पैसा आहे, पण कुलपात. स्फुरदाचं तर विचारूच नका. विरघळणारं खत टाकलं की बरंचसं लोखंडाला चिकटून बसतं. म्हणून या मातीत खत पसरून टाकणं म्हणजे पैसे पसरणं. झाडाच्या आळ्यात, शेणखतात मिसळून, थोडं थोडं दोनतीन हप्त्यांत द्यायचं. रॉक फॉस्फेट (स्फुरदाच्या दगडाची भुकटी) देशावरच्या चुनखडीच्या मातीत पडून राहतं, इथे मात्र आम्लामुळे ते सावकाश विरघळतं.

एक घरगुती तपासणी सांगतो. वरकसातली माती चिमटीत घ्या. रवाळ लागेल, वाटेल वाळूच आहे. आता पाण्याचे चार थेंब टाका आणि पाच मिनिटं तळहातावर मळा. कण फुटत जातात, माती चिकट होते, तळहात तांबडा होतो आणि दोन वेळा धुतला तरी रेषांमधून जात नाही. ती वाळू नव्हतीच. लोखंडाने बांधलेल्या चिकणमातीच्या गुठळ्या होत्या. म्हणूनच एवढ्या पावसात तिच्यातून निचरा होतो आणि म्हणूनच ऑक्टोबरात ती दहा दिवसांत सुकते.

नावाच्या मागे फार लागू नका. माती डोंगराच्या कुठल्या पायरीवर बसली आहे ते आधी बघा. तिन्ही ठिकाणी एकेक खड्डा खणा, जमेल तर तीन फूट.

चिरेबंदी:

खाणीत बारा वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. वरचं कवच मशीनला दाद देत नाही, ते फोडून बाजूला टाकतात. खालचा जांभा ओला असताना मऊ असतो, कापून वाऱ्यावर पडला की घट्ट होत जातो. हे सगळं खरं. पण खाण संपल्यावर काय उरतं तेही बघून ये. चौकोनी हौद, तळाला तीच पांढरी माती, पावसाचं पाणी साचलेलं, आणि वरची होती-नव्हती ती वीतभर माती कचऱ्याखाली गाडलेली. आमची आजी मालवणची, ती म्हणायची, ‘गेलेली माती परत गावाची नाय’, म्हणजे सापडायची नाही. पैसे एकदाच मिळतात. बाकी तुझी मर्जी.

पुळणीवरून:

अलिबागकडून. तुम्ही सगळे कोकण म्हणजे जांभा असं धरून चालता, जरा गंमत वाटली. आमच्या वाडीत पुळणीची वाळू, त्यात नारळ-सुपारी. मागे भाताची काळपट जमीन आणि खाडीला लागून खाजण, जिथे बांध फुटला की दोन वर्षं मीठ निघत नाही. लाल माती बघायला आम्ही माथेरानला जातो!

खड्ड्यातला माणूस:

बरोबर आहे, कान पकडतो. सावित्री नदीच्या उत्तरेला जांभा तुटक होत जातो, माथ्यामाथ्यांवर टोपीसारखा उरतो. माथेरान त्यातलंच. खाली सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला जांभा आहे, पण त्याच्या पोटात बऱ्याच जागी काळा पाषाण नसून कितीतरी जुने दगड आहेत. मी राजापूरपुरतं बोलत होतो.

सड्याखालचे, एक राहिलं. सुरुंगाचा विचार असेल तर आधी कातळ केरसुणीने झाडून घ्या. थट्टा नाही. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, सगळी तुमच्याच तालुक्यात, आणि तिथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. गवत आणि शेवाळाखाली रेषा दिसत नाहीत.

सड्याखालचा:

तीन शनिवार-रविवार खड्ड्यांत गेले. हाताला फोड आलेत, पण मजा आली.

सडा : चार इंच माती, मग पहार टणकन उडाली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या. खड्डा तिथेच संपला. अर्धा दिवस झाडलोट केली, रेषा काही दिसल्या नाहीत. दिसलं ते एक उथळ तळं. काकू म्हणाली, श्रावणात त्याच्या कडेने निळीजांभळी बारीक फुलं येतात, गुरंसुद्धा त्यात बसत नाहीत. सुरुंग रद्द. चुलतभाऊ दोन दिवस बोलला नाही.

वरकस : पावणेतीन फूट. वरचा फूटभर तांबडी, वाटाण्याएवढ्या लोखंडी खड्यांनी भरलेली. खाली पिवळट होत जाते. शेजारच्या ऐनाची मुळं पार तळापर्यंत गेलेली दिसली. मळून पाहिली. माझा तळहात अजून तांबडा आहे, ऑफिसात विचारतात मेंदी काढली का.

मळा : हा खड्डा बघून मी गप्पच झालो. माती तांबडी नाहीच! राखाडी, थोडी निळसर, आणि भाताच्या जुन्या मुळांच्या कडेने गंजलेल्या तारेसारख्या नारिंगी रेघा. वास गटारासारखा. दीड फुटावर पाणी आलं. आता वेगवेगळे सामू : सडा ५.१, वरकस ५.५, मळा ६.२. वरकसात काजू धरतोय. पण मळ्याचं लोखंड गेलं कुठे?

खड्ड्यातला माणूस:

शाबास. लोखंड तिथेच आहे. पाण्याखाली हवा मिळाली नाही की त्याचा तांबडा रंग उतरतो आणि ते विरघळून हिंडायला लागतं. भाताचं मूळ काडीच्या नळीतून खाली हवा नेतं, त्या हवेजवळ लोखंड आलं की तिथल्या तिथे गंजतं. तुम्ही बघितल्या त्या नारिंगी रेघा हाच गंज. वरच्या दोन खड्ड्यांतून धुऊन गेलेल्या चुन्यातला थोडा इथे उतरतो, म्हणून सामू ६.२. मळ्यात भातच करा, नंतर ओलीवर कुळीथ.

काजूला खड्डे आत्ता मारून ठेवा, ऊन खाऊ दे. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची पिवळी दुसऱ्या बाजूला. भरताना शेणखताबरोबर वरची आत.

सड्याखालचा:

मळ्यातल्या खड्ड्यात बेडूक झालेत. काकू म्हणते बुजव, वासरू पडेल.

खड्ड्यातला माणूस:

भोवती काट्या लावा, बुजवू नका. एक बांबू रोवा आणि दर रविवारी पाणी कुठे आहे तिथे कोयत्याने खाच पाडायला काकूंना सांगा. मे संपल्यावर तो बांबू मला दाखवा, मग नवी विहीर कुठे खणायची ते बोलू.