मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये काहीच सेव्ह होत नाही

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. लिनक्सवर नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज १० आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. शिवाय दोन हार्ड डिस्क. एक जुनी ५०० जीबीची, विंडोजच्या काळापासूनची, एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत). दुसरी नवी १ टीबीची, ती मी जीपार्टेडने (डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्राम) ईएक्सटी४ (लिनक्सची पद्धत) केली आणि 'नाटक' असं लेबल दिलं. बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे, त्यांची मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेली रेकॉर्डिंगं जुन्या डिस्कवर आहेत. ती नव्या डिस्कवर नीट नावं देऊन लावायची आहेत. चवथीला घरी सगळी माणसं जमतात, तेव्हा टीव्हीवर दाखवायचा बेत आहे.

अडचण अशी की नवी डिस्क उघडते, पण आत राइट-क्लिक केलं की 'पेस्ट' आणि 'नवा फोल्डर' दोन्ही फिकट दिसतात. टर्मिनलमधून केलं तर 'परमिशन डिनाइड'. प्रॉपर्टीजमध्ये परमिशनच्या टॅबवर लिहून येतं की तुम्ही मालक नाही, म्हणून बदल करता येणार नाही. डिस्क मी विकत आणली, मी बसवली, आणि मालक मी नाही!

जुन्या डिस्कवरची नाटकं चालतात, पण फाइलचं नाव बदलायला गेलं तर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. इंटरनेटवर सगळीकडे 'सीएचमॉड ७७७' (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) करा असं लिहिलंय. ते जुन्या डिस्कवर करून पाहिलं, तोच मेसेज आला. दोन्ही डिस्कचं दुखणं एकच आहे का?

जुना_वायरमन

दोन्हीला एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मार आणि मोकळा हो. परमिशनची कटकटच नाही, टीव्हीलाही बहुतेक थेट चालेल.

फोंड्याचा_पेंग्विन

वायरमनदादा, जुन्या डिस्कवर त्याच्या बाबांची नाटकं आहेत, ती कुठे फॉरमॅट करायला सांगता! आणि एक्सफॅटमध्ये परमिशन नसतात हे खरं, पण जर्नलही (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं. आपल्याकडे पावसात वीज दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला माहीत आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर ईएक्सटी४ किंवा एनटीएफएस जर्नल बघून बऱ्यापैकी सावरतात. एक्सफॅट पेनड्राइव्हला ठीक आहे, ठेवणीतल्या रेकॉर्डिंगला नको. एफएटी३२ चं तर नावच काढू नका, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि मिनीडीव्हीचं रेकॉर्डिंग तासाला १३ जीबीच्या आसपास असतं.

डिचोलीकर, तुझी दुखणी दोन आहेत आणि मेसेजही दोन वेगळे आले आहेत, तेच नीट वाच. 'परमिशन डिनाइड' म्हणजे डिस्क लिहायला तयार आहे, पण तुला परवानगी नाही. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' म्हणजे तिथे कोणालाच लिहिता येत नाही, खुद्द रूटलाही (सिस्टिमच्या मुख्य मालकालाही) नाही. तिथे सीएचमॉड करून काय होणार? परमिशन बदलायची म्हणजेसुद्धा डिस्कवर लिहायचंच असतं.

आधी नव्या डिस्कचं बघू. या धाग्यावर कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप कर. 'एलएस -एलडी /मीडिया/तुझं-युजरनेम/नाटक' चालव आणि काय येतं ते सांग. जुनीसाठी 'माउंट' एवढंच चालवून तिची ओळ शोध, कंसात पहिला शब्द 'आरओ' (फक्त वाचता येतं) आहे की 'आरडब्ल्यू' (लिहिताही येतं) ते बघ.

डिचोलीकर

नवी: 'डीआरडब्ल्यूएक्सआर-एक्सआर-एक्स', पुढे 'रूट रूट'. जुनी: कंसात 'आरओ'.

फोंड्याचा_पेंग्विन

अपेक्षेप्रमाणे. जीपार्टेड रूट म्हणून चालतं, त्यामुळे त्याने केलेल्या ईएक्सटी४ चा सगळ्यात वरचा फोल्डर रूटच्या मालकीचा होतो. पहिलं 'आरडब्ल्यूएक्स' मालकाचं, म्हणजे रूटचं. दुसरं गटाचं, तिसरं उरलेल्या सगळ्यांचं. तू उरलेल्यांत मोडतोस, तुला 'आर' आणि 'एक्स' आहे, 'डब्ल्यू' नाही. वाचता येतं, आत जाता येतं, लिहिता येत नाही.

इलाज परमिशन सैल करणं नाही, मालक बदलणं (सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं): 'सुडो सीएचओडब्ल्यूएन युजरनेम:युजरनेम /मीडिया/युजरनेम/नाटक'. डिस्क रिकामी आहे, म्हणून 'कॅपिटल आर' हा (आतल्या सगळ्यालाही लागू करणारा) पर्याय लावायची गरज नाही. पुढे कधी लावलास तर पत्ता दोनदा वाच. सुरुवातीच्या तिरप्या रेघेनंतर चुकून एक स्पेस पडली तर सीएचओडब्ल्यूएन ती एकटी रेघ म्हणजे अख्खी सिस्टिम असं समजतं आणि न विचारता सगळ्याचा मालक बदलायला सुटतं. मग सुडोसुद्धा चालेनासं होतं.

हे डिस्क जोडलेली असतानाच कर. न जोडता त्या रिकाम्या फोल्डरचा मालक बदललास तर उपयोग शून्य. मालकी डिस्कच्या आत लिहिलेली असते, डिस्क जोडली की तिचीच मालकी वर येते. कित्येक जण इथेच तासन्‌तास झगडतात.

म्हापशेकर

मी तर फाइल मॅनेजरमध्ये राइट-क्लिक करून 'ओपन अ‍ॅज रूट' करतो आणि पेस्ट करतो. चालतं की.

फोंड्याचा_पेंग्विन

पेस्ट होतं हो, पण त्या प्रत्येक फाइलचा मालक रूट होतो. उद्या नाव बदलायला परत रूट, पुसायला परत रूट. आणि त्या खिडकीत डिलीट दाबताना कोणी अडवत नाही.

मांडवीकाठ

जुन्या डिस्कबद्दल मी सांगते, हे मी बऱ्याच लोकांचं पाहिलंय. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' मुळातच चालू असतं. 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि जोडलेल्या एनटीएफएस डिस्क अर्ध्या उघड्या ठेवतं. लिनक्सला ते दिसतं आणि डेटा बिघडू नये म्हणून तो डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतो. म्हणजे हे तुमच्या भल्याचंच आहे, जबरदस्तीने लिहिण्यायोग्य करायचे जे उपाय सापडतील ते करू नका.

विंडोजमध्ये जा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणं काय करतात ते निवडायचं पान, तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा. खूण फिकट असेल तर आधी वरची निळी ओळ दाबावी लागते. मग शट डाउन करा आणि मिंटमध्ये या.

एक आणखी. एनटीएफएसवर सीएचमॉड, सीएचओडब्ल्यूएन सहसा काहीच करत नाहीत, आणि बहुतेक वेळा तक्रारही करत नाहीत. कमांड गुपचूप संपते, परमिशन होती तशीच. तिथे कोणाला काय करता येईल हे डिस्क जोडतानाच ठरतं.

डिचोलीकर

दोन्ही झालं! सीएचओडब्ल्यूएननंतर 'पेस्ट' लगेच उजळलं. विंडोजमधली खूण काढून आल्यावर जुन्या डिस्कसमोर 'आरडब्ल्यू' आलं. पहिलं नाटक कॉपी होतंय. देव बरें करूं.

पण आता ताईचा प्रश्न आहे. तिचं याच कॉम्प्युटरवर वेगळं लॉगिन आहे आणि कोणत्या नाटकात कोणाची कुठली भूमिका हे तिलाच माहीत, त्यामुळे नावं ती देणार. तिच्या लॉगिनमधून 'नाटक' मध्ये जाताच येत नाही, लिहिणं तर दूरच. आता तरी ७७७ करू का?

फोंड्याचा_पेंग्विन

केलंस तरी ती आत जाणार नाही. फाइल मॅनेजरने जोडलेली डिस्क '/मीडिया/तुझं-युजरनेम' च्या आत बसते, आणि ते दार फक्त तुलाच उघडतं. आतल्या खोलीची कडी काढून काय उपयोग? डिस्कला दोघांना चालेल अशी कायमची जागा दे.

'डिस्क्स' प्रोग्राम उघड, नवी डिस्क निवड, पार्टिशनखालच्या चाकावर क्लिक करून 'एडिट माउंट ऑप्शन्स'. 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' बंद कर, जागा '/एमएनटी/नाटक' लिही, ओळख यूयूआयडीवरून (डिस्कच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) ठेव. पर्यायांत 'नोफेल' असतं ते काढू नकोस. ते नसेल आणि एखाद्या दिवशी केबल सैल झाली, तर कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कची वाट बघत बसतो आणि शेवटी काळ्या इमर्जन्सी पडद्यावर थांबतो. चवथीच्या सकाळी ते नको.

मग दोघांचा एक गट: 'सुडो ग्रुपअ‍ॅड नाटकमंडळ', आणि दोघांसाठी 'सुडो यूजरमॉड -एजी नाटकमंडळ युजरनेम'. यात 'ए' लहान, 'जी' कॅपिटल. 'ए' विसरलास तर बाकीच्या गटांतून, म्हणजे सुडोच्या गटातूनही, बाहेर पडशील. दोघांनी लॉगआउट करून परत या, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही.

मांडवीकाठ

आणि '/एमएनटी/नाटक' च्या आत 'रेकॉर्डिंग' असा एक फोल्डर करून सगळं त्यातच ठेवा. त्याला 'सुडो सीएचजीआरपी नाटकमंडळ', मग 'सुडो सीएचमॉड २७७५'. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्याने आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाची होते. फाइल गटाची झाली तरी गटाला लिहिता येईलच असं नाही, म्हणून 'सुडो सेटएफएसीएल -डी -एम जी:नाटकमंडळ:आरडब्ल्यूएक्स' आणि पुढे फोल्डरचा पत्ता. कमांड सापडली नाही तर 'एसीएल' नावाचं पॅकेज घाला.

हे सगळं नव्याने तयार होणाऱ्या फाइलना लागू होतं. आधीच नव्या डिस्कवर टाकलेलं नाटक त्याच डिस्कवर कट-पेस्ट करून आत नेलं तर ते जुन्याच परमिशन घेऊन जातं. ते पुसून जुन्या डिस्कवरून परत कॉपी करा, सोपं पडेल.

डिचोलीकर

ताईने आत्ताच तिच्या लॉगिनमधून पहिल्या फाइलला नाव दिलं, झालं. विंडोजही परत चालू करून बंद केलं, जुनी डिस्क अजून 'आरडब्ल्यू' च आहे.

शेवटची शंका. नव्या डिस्कवर 'लॉस्ट+फाउंड' नावाचा फोल्डर आहे, त्यावर अजून फुली दिसते. त्याचाही मालक बदलू?

फोंड्याचा_पेंग्विन

नको, तो रूटचाच असायला हवा. वीज गेल्यावर डिस्कची तपासणी होते, तेव्हा ज्या तुकड्यांचं नाव-गाव लागत नाही ते तिथे टाकले जातात. रिकामा असतो, जागा खात नाही, राहू दे.