मुलगी 12 वर्षांची, कोच म्हणतात शाळा सोडा. सल्ला हवाय (गोल्फ)

सातवीतलीची_आई: नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात. लेक ज्युनिअर स्पर्धांत बरं खेळतेय. कोच म्हणतात, नेहमीच्या शाळेतून काढून एनआयओएसला (मुक्त शाळेत, घरून अभ्यास) घाला, रोज 5 तास सराव हवा. नवरा तयार आहे. ती 'हो' म्हणते, पण बाबांच्या तोंडाकडे बघून. त्यात महिनाभर डावं मनगट दुखतंय. काय करू?

चार_पट: शाळेचं नंतर, मनगट आधी! या वयात हाडांची टोकं वाढत असतात. स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर रेंज (सरावाचं मैदान) बंद. कृत्रिम गवताच्या मॅटवर बॉल मारते का? खाली सिमेंट असेल तर दणका थेट मनगटात. अमेरिकेची गोल्फर मिशेल वी 2003 मध्ये, 13व्या वर्षी, क्राफ्ट नाबिस्को या मोठ्या स्पर्धेत संयुक्त नववी आली. 16 पूर्ण व्हायच्या आत प्रो (व्यावसायिक) झाली. 2007 मध्ये मनगटांनी दगा दिला. मेजर, म्हणजे सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकायला 2014 उजाडलं.

सदा_बंकरात: उगाच घाबरवू नका हो. आपली गोल्फर अदिती अशोक 5व्या वर्षापासून खेळतेय, 17व्या वर्षी प्रो. रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली, टोकियोत आईने. टोकियोत कांस्य एका स्ट्रोकने (फटक्याने) हुकलं. आईवडील सोबत असले म्हणून काही बिघडत नाही.

चार_पट: बॅग उचलायला कोण नाही म्हणतंय? नियमाने कॅडी (बॅग उचलणारा) सल्ला देऊ शकतो, झाडाआडून बाप नाही. आमच्याकडे एक काका पोराला बोटांनी कुठला क्लब (गोल्फची काठी) घ्यायचा ते सांगायचे, चार बोटं म्हणजे नऊ नंबरचा वगैरे खाणाखुणा. पोरगं बॉलकडे कमी, झाडाकडे जास्त बघायचं. आणि पकडले गेले असते तर दोन स्ट्रोकचा दंड पोरालाच!

कोथरूडची_मावशी: शाळेबद्दल: मुख्याध्यापकांना भेटून हजेरीत सवलत मागा, बऱ्याच शाळा देतात. पुढे अमेरिकेत कॉलेज गोल्फ डोक्यात असेल तर तिथे नववीपासूनचे विषय नि मार्क धरतात, म्हणजे अभ्यास सोडून चालणारच नाही. आणि तिला एकटीला विचारा, बाबा घरात नसताना. स्पर्धेहून परतताना गाडीत स्कोअरचा विषय काढायचा नाही, हे नवऱ्याला निक्षून सांगा.

सातवीतलीची_आई: शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली. सातवी तर पूर्ण करणारच. काकांचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, तर म्हणाला, "मी बोटं नाही दाखवत, फक्त मान हलवतो." 🙏 मॅटऐवजी गवतावर सराव करता येईल अशी रेंज पुण्यात कुठली?