कोपराच्या दुखण्यावर ऑस्टिओपॅथी: कोणाला अनुभव आहे का? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मी दांडिया बाजारात राहते, वय ४८. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि यंदा चकल्या जरा जास्तच झाल्या. सासूबाईंचा पितळी सोऱ्या आहे, मूठ पिळून पिळून चकली पाडायची. पीठ किंचित घट्ट झालं की सगळा जोर कोपराखाली येतो. भाऊबिजेनंतर उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ सुरू झाली. दुर्लक्ष केलं. मग उत्तरायणाला दिवसभर गच्चीत पुतण्याची फिरकी धरून उभी राहिले आणि कळस झाला.

गंमत अशी की खंडेराव मार्केटातून भाजीची जड पिशवी खांद्याला अडकवून आणते, काही होत नाही. पण सांडशीने चहाचं पातेलं उचलून कपात ओतायचं म्हटलं की जीव जातो. टॉवेल पिळणं तर बंदच.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट वर उचलायला लावलं आणि वरून दाबलं. मी ओरडलेच. निदान, टेनिस एल्बो. (जन्मात रॅकेट धरलेली नाही.) एक्स-रे ठीक. गोळ्या, पट्टा, आणि फरक नाही पडला तर इंजेक्शन म्हणालेत.

आमच्या वन्सं लंडनला असतात. त्यांना हेच झालं होतं, ऑस्टिओपॅथकडे (म्हणजे सांधे-स्नायू हाताने हलवून, दाबून उपचार करणाऱ्याकडे) बरं वाटलं. त्याने मान-खांद्यापासून हात तपासला म्हणे. इथे एका क्लिनिकची तशी पाटी पाहून फोन केला, तर हात बघायच्या आधीच दहा सिटिंगचं पॅकेज आणि पैसे आगाऊ! तिथेच मन कचरलं. जावं का? की इंजेक्शन घेऊन मोकळं व्हावं?

---

प्रतिसाद: आधी तो सोऱ्या भंगारात द्या. माझ्या आईचा अंगठा असल्याच सोऱ्याने गेला.

---

प्रतिसाद: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरला असतो. हात न पाहता ठाम काही सांगत नाही, पण तुमचं सांडशीचं वर्णन बोलकं आहे. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडरेने जोडलेले असतात. तळवा खाली करून काहीही धरलं की तिच्यावर ताण येतो, खांद्यावरच्या पिशवीने येत नाही. ही कंडरा सुजण्यापेक्षा झिजलेली असते, म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले पाच-सहा आठवडे फार छान वाटतं. पण वर्षभर लक्ष ठेवलेल्या चाचण्यांत, काहीच न केलेले लोक इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे निघाले. घाई करू नका. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात आपोआप ओसरतं.

ऑस्टिओपॅथी अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय कोणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही, तेव्हा वन्संची गोष्ट वेगळी. इथे सरळ विचारा, कुठे शिकलात, किती वर्षं? सांधा हाताने हलवून दिलेल्या उपचाराने सुरुवातीला आराम पडतो, पण जोडीला व्यायाम हवाच. नुसत्या दाबादाबीला दहा सिटिंग कशाला?

व्यायाम असा: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मुठीत पाण्याची छोटी बाटली. डाव्या हाताने मनगट वर न्यायचं आणि उजव्याने अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलेलं चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नको. पट्टा हाडावर नाही, दोन बोटं खाली. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा मान वळवल्यावर हातात कळ जात असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

---

धागाकर्ती: अहो, पट्टा मी थेट हाडावरच आवळत होते, तोही दीड महिना! मुंग्या नाहीत. क्लिनिकला परत फोन करून शिक्षण विचारलं, तर "सर आले की सांगतील". सर काही आले नाहीत. सोमवारी सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीला दाखवून येते. सोऱ्या मात्र भंगारात जाणार नाही, सासूबाई हयात आहेत. तूर्त चहा मुलगा ओततो, निम्मा ओट्यावर.