‘लोकशाहीकरण’ म्हणावं का, आणि त्याला ‘विरोध’ म्हणावं का?

तापीकाठ:
एका भाषांतरात अडकलोय. शहाद्याकडच्या राज्यशास्त्राच्या मुलांसाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. मुद्दा असा की एकच नेता लोकशाही पुढेही नेतो आणि तोच अडवतोही. लेखात उदाहरण सोव्हिएत संघाचे नेते गोर्बाचेव्ह यांचं आहे. 1989 साली त्यांनी लोकप्रतिनिधींच्या काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, अनेक जागांवर एकाहून जास्त उमेदवार उभे राहू दिले. सोव्हिएत मतदाराला कित्येक दशकं अशी निवडणूक ठाऊकच नव्हती. पण मार्च 1990 मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले ते त्या काँग्रेसच्या मतांवर. जनतेपुढे मतं मागायला गेले नाहीत.

मी लिहिलं, ‘त्यांनी लोकशाहीकरणाला चालना दिली आणि लोकशाहीकरणाला विरोधही केला.’ प्राध्यापक मित्राने दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. म्हणाला, पहिला शब्द मराठी नाही आणि दुसरा खरा नाही. काय वापरू?

शुद्धमती:
मित्राचं बरोबर आहे. ‘शाही’ फारसी, त्याला संस्कृत ‘करण’ जोडायचं म्हणजे धड इकडचं ना तिकडचं. ‘लोकतंत्र’ हा स्वच्छ शब्द असताना आपण आदिलशाही-निजामशाहीच्या चालीवर ‘लोकशाही’ का म्हणतो हेच मला कळत नाही. ‘शाही’ म्हटलं की शहा आलाच. लोकांच्या राज्यात शहा कशाला?

जिभाऊ:
ताई, मग ‘शहरीकरण’ कुठे टाकायचं? शहर फारसीच. ‘खाजगीकरण’ रोज पेपरात येतं, तेही त्याच घरचं. दोन्ही शब्द माझ्या आईलासुद्धा कळतात. आणि आपण बोलतोय कुठल्या मुलखात? खानदेश. फारुकी राजांची ‘खान’ ही पदवी आणि त्याला आपला ‘देश’. 1601 मध्ये फारुकींचा असीरगड घेतल्यावर अकबराने मुलाच्या, दानियालच्या, नावावरून ‘दानदेश’ करून पाहिलं. टिकलं नाही. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द बादशहालाही हलवता आला नाही.

शुद्धमती:
खानदेश हे ‘कान्हदेश’चं रूप आहे असंही मानतात. आमच्याकडे कानबाई बसते, तिच्या नावात तोच कान्हा आहे.

जिभाऊ:
कानबाईला हात जोडतो, पण व्युत्पत्तीला नाही. फारुकींच्या आधी या भागाला सेऊणदेश म्हणायचे. कान्हदेश नंतर सुचलेलं दिसतं.

बोरीकाठचा मास्तर:
दोघांनी मूळ प्रश्न वाटेत सोडला. गाठ ‘शाही’त नाही, ‘करण’मध्ये आहे. पाणिनीचा च्वि प्रत्यय आठवा (5.4.50): जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. तो कृ, भू आणि अस् या तीन धातूंबरोबर लागतो. म्हणून मराठीत दोन जोड्या चालतात, -करण आणि -भवन. परातीत पाणी ठेवलं आणि उन्हाने आटलं, तर ते बाष्पीभवन. जळगावच्या मे महिन्यात त्याला कोणी लागत नाही. तुम्ही विस्तव लावून मुद्दाम वाफ केलीत, तर बाष्पीकरण. करण म्हटलं की कर्ता आला. भवन आपसूक होतं.

तेव्हा ‘लोकशाहीकरण’ हा शब्द चुकीचा नाही, उलट फार नेमका आहे. कोणीतरी वर बसून ते करतो, हे तो शब्द सांगतो. औंधच्या राजाने 1939 साली संस्थानाला स्वराज्याची घटना दिली, ते करण. भूतानच्या राजाने 2006 मध्ये गादी सोडली आणि 2008 मध्ये मतदान झालं, तेही करणच. आणि जो करतो, तो थांबवूही शकतो. चूल ज्याच्या हातात, विस्तव ओढायचाही त्याच्याच हातात.

तापीकाठ:
मास्तर, हे मनापासून पटलं. पण मग जिथे लोकांनी रेटून मिळवली, तिथे ‘लोकशाहीभवन’ लिहू? ते एखाद्या इमारतीचं नाव वाटेल.

बोरीकाठचा मास्तर:
वाटेल. तिथे ‘लोकशाही रुजली’ म्हणा. रुजणं हे बियाण्याचं आणि मातीचं काम आहे.

गिरणाथडी:
रुजण्यालाही पेरणारा लागतो, मास्तर. माझे आजोबा 1936 च्या फैजपूर काँग्रेसला गेले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. आजोबा सांगत, बैलगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि उडणाऱ्या फुफाट्यात पुढची गाडी दिसत नव्हती. ते अधिवेशन खेड्यात घ्यायचं हे वरून ठरलं, म्हणजे तुमचं करण. पण ते पेललं खानदेशातल्या माणसांनी. याला कोणता प्रत्यय लावणार?

दुसऱ्या शब्दाचं सांगतो. ‘विरोध’ नकोच. विरोध समोरून करतात. नेता लोकशाहीला समोरून विरोध करत नाही, तो मोडता घालतो. किंवा खीळ घालतो. ‘ही वेळ योग्य नाही’, ‘आधी कायदा बदलू’, ‘सध्या प्रशासक राहू द्या’. आपल्या महापालिका, झेडप्या वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. यात विरोध कोणी केला? कोणीच नाही. खीळ मात्र बसली.

जिभाऊ:
कोलदांडा. आमचे वडील हाच शब्द वापरायचे. माणसाचे हात बांधून गुडघ्याखालून दांडा घालायचा. माणूस जागेवर असतो, दिसायला बसलेला असतो, पण हलू शकत नाही. प्रशासकाच्या काळातली महापालिका अगदी तशी असते.

गिरणाथडी:
आणि सरपंचाची थेट निवड बघा. 2017 ला आणली, 2020 ला काढली, 2022 ला परत आणली. आणणाऱ्यांनी आणि काढणाऱ्यांनी, दोघांनीही लोकशाहीचंच नाव घेतलं.

शुद्धमती:
इथे पक्षांचं राजकारण नको. शब्दावर बोला.

पांझराकाठची:
शब्दावरच बोलते. माझी आई धुळे तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य होती. 73 व्या घटनादुरुस्तीने बायकांच्या राखीव जागा आल्या, त्यातली एक आमच्या वॉर्डात पडली. गावचे पुढारी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, चार संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना राजी केलं. आप्पा नसते तर आईने पंचायतीची पायरी चढली नसती. हे मी आजही मानते. गावात म्हणत, ‘आप्पांनी वहिनीला उभं केलं.’ ‘वहिनी उभ्या राहिल्या’ असं कोणी म्हटलं नाही.

पहिल्याच मीटिंगला आईने नळयोजनेच्या पैशाचा हिशोब विचारला. पुढच्या महिन्यापासून मीटिंगचा निरोप येईना. रजिस्टर घरी येऊ लागलं. आई परातीत बाजरीचं पीठ मळत असायची, शिपाई वही उघडून पुढे धरायचा. एकदा सहीशेजारी पिठाचा अख्खा अंगठा उमटलेला मी पाहिलाय. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने हात धुतले, वही काखेत घेतली आणि सरळ कार्यालयात जाऊन बसली. म्हणाली, ‘मी आठेच बठसू.’ म्हणजे मी इथेच बसेन.

पुढच्या निवडणुकीत आप्पांनी तिला उभं केलं नाही. मग ती उभी राहिली. आप्पांनी पाडली.

मास्तर, तुमचं करण फक्त पुस्तकात नाहीये. आपल्याकडे निवडणुकीची सगळी क्रियापदं बघा. उभा करणं, निवडून आणणं, बसवणं, पाडणं. सगळीकडे करणारा दुसराच.

बोरीकाठचा मास्तर:
ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ‘बसवणं’ तर फार महत्त्वाचं. अर्ज मागे घेतला की आपण म्हणतो ‘तो बसला’, आणि घ्यायला लावला की ‘त्याला बसवला’. मुलांना शिकवताना हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

जिभाऊ:
आणि सगळ्यांना बसवलं की ‘बिनविरोध’. पेढे वाटतात. एकदा सोसायटीच्या निवडणुकीत मलाही बसवलंय, मारुतीच्या देवळात, पाया पडून. देणग्या जाहीर होतात, बोली लागते. नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक जानेवारी 2021 मध्ये आयोगाने रद्द केली ती सरपंचपदाच्या लिलावावरूनच. ‘बोली’ हाच आपल्या भाषेचाही शब्द, याचं वाईट वाटतं. अहिराणी बोली, आणि खुर्चीचीही बोली.

शुद्धमती:
‘बोली’ दोन्हीकडे ‘बोलणे’वरूनच. बोलून सांगितलेली किंमत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण ‘बठसू’ हा गुजरातीचा प्रभाव आहे. प्रमाण मराठीत ‘बसेन’.

गिरणाथडी:
प्रभाव नाही, ते अहिराणीचं स्वतःचं रूप आहे. करसू, जासू, बठसू. माझी आजी आयुष्यात कधी गुजरातला गेली नव्हती.

बोरीकाठचा मास्तर:
‘बठ’ आणि हिंदीचं ‘बैठ’ दोन्ही संस्कृत ‘उपविष्ट’कडे जातात. कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही.

शुद्धमती:
आणि ‘बसणे’? ते ‘वस्’ धातूवरून. वस्ती, वसाहत, बसणे.

बोरीकाठचा मास्तर:
तेही ‘उपविश्’वरूनच धरतो मी. वस्तीशी त्याचा संबंध अर्थाने जुळतो, म्हणून मोह होतो.

तापीकाठ:
मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय. ‘गोर्बाचेव्ह यांनी लोकशाहीकरण सुरू केले आणि त्यात मोडताही घातला’ हे चालेल का?

जिभाऊ:
‘मोडता’ ठीक. पण मी ‘कोलदांडा’ म्हणेन.

शुद्धमती:
‘लोकशाहीकरण’ला माझा आक्षेप कायम आहे.

गिरणाथडी:
पांझराकाठच्या ताई, तुमच्या आईला एकदा विचाराल का, ‘बठसू’च म्हणाल्या होत्या ना? आमच्याकडे तापीच्या अंगाला थोडं वेगळं बोलतात, म्हणून विचारतोय.

पांझराकाठची:
आत्ताच फोनवर विचारलं. आई म्हणते, ती काहीच बोलली नव्हती. दारात वही घेऊन उभी होती, आणि खुर्ची सरकवून आप्पाच म्हणाले होते, ‘बठा वहिनी.’